वॉर्साची जुनी पेठ



पोलंडची राजधानी जें वॉर्सा शहर, त्याच्या जुन्या पेठेंतील बाजारचौकांत आज एखादा प्रवासी जाऊन उभा राहिला, तर त्याला काय दिसेल? चारी बाजूंस चार-चार, पांच-पांच मजल्यांचीं उंच व अरुंद घरें एकमेकांस खेटून उभीं आहेत. कोणाचा दर्शनी भाग तांबूस, कोणाचा पिंवळा, कोणाचा हिरवट. खिडक्यांच्या चौकटींवर दगडी नक्षी आहे, दारांवर कोरलेल्या मूर्ति आहेत, आणि वर उतरतीं लाल कौलांचीं छपरें आहेत. हीं घरें तीनशें वर्षांचीं असावींत असें तो म्हणेल. आणि त्याचें म्हणणें एका अर्थीं खरें, तर एका अर्थीं साफ चुकीचें ठरेल. कारण १९४५ च्या जानेवारींत या चौकांत कांहीं दर्शनी भिंती तेवढ्या उभ्या होत्या. बाकी सारा ढिगारा होता. प्रवासी जें पाहतो त्यांतील फार मोठा भाग १९४९ ते १९५३ या चार वर्षांत बांधलेला आहे.

ही पेठ कशी पडली आणि पुन्हां कशी उभी राहिली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. युद्धांत उद्ध्वस्त झालेलीं शहरें थोडीं नाहींत. रॉटरडॅम, कॉव्हेन्ट्री, ड्रेस्डेन हीं नांवें आपण सर्वांनीं ऐकलेलीं आहेत. परंतु वॉर्साची गोष्ट निराळी अशी कीं, तें शहर केवळ लढाईच्या ओघांत पडलें नाहीं. लढाई संपल्यावर तें मुद्दाम, ठरवून, रस्त्यामागून रस्ता असें पाडण्यांत आलें. आणि ज्यांनीं तें पुन्हां बांधलें त्यांनींहि तें तितक्याच निश्चयानें, घरामागून घर असें बांधलें.

जुनी पेठ व्हिश्चुला नदीच्या डाव्या तीरावर, उंच दरडीवर वसलेली आहे. तिची वसाहत तेराव्या शतकाच्या अखेरची. राजा सिगिस्मंड तिसरा यानें १५९६ नंतर आपला दरबार क्रॅको शहरांतून येथें आणला, आणि या पेठेच्या तोंडाशीं असलेल्या गढीचा राजवाडा झाला. त्याच्या मुलानें १६४४ सालीं राजवाड्यासमोर एक उंच स्तंभ उभारून त्यावर बापाचा पुतळा बसविला. एका हातांत क्रूस व दुसऱ्या हातांत तलवार. पुढें याच राजवाड्यांत ३ मे १७९१ रोजीं पोलंडची राज्यघटना संमत झाली. युरोपांतील पहिली आधुनिक लिखित राज्यघटना म्हणून तिचा गौरव केला जातो. पण चारच वर्षांनीं, १७९५ त, रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं तो देश आपसांत वाटून घेतला आणि पोलंड हें नांव नकाशावरून १२३ वर्षें नाहींसें झालें. ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. ज्या लोकांना राज्य उरलें नव्हतें, त्यांना आपण कोण हें सांगावयास भाषा, धर्म आणि जुन्या इमारती एवढ्याच गोष्टी उरल्या होत्या.

असें असूनहि या पेठेची स्थिति युद्धापूर्वीं फारशी चांगली नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. धनिक लोक नव्या वस्त्यांत गेलेले. जुन्या वाड्यांतून गरीब भाडेकरू दाटीवाटीनें राहात. मागच्या चौकांत खोल्यांवर खोल्या चढवून उजेड व वारा पार बंद केलेला. १९२८ सालीं चित्रकारांनीं चौकांतील घरांचे दर्शनी भाग रंगवून काढले, तेव्हां ती पुन्हां थोडी लोकांच्या नजरेंत भरली.

आतां एका लहानशा गोष्टीकडे मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे; कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे. वॉर्साच्या तंत्रविद्यालयांत वास्तुशास्त्राची एक शाखा होती. तिच्यांत पोलंडच्या जुन्या वास्तुकलेचा अभ्यास करणारा एक स्वतंत्र विभाग ऑस्कार सोस्नोव्स्की या प्राध्यापकांनीं १९२० नंतरच्या दशकांत स्थापन केला. ते विद्यार्थ्यांना गांवोगांव आणि वॉर्साच्याच गल्लींतून पाठवीत. विद्यार्थ्यांनीं मोजपट्टी, ओळंबा आणि पेन्सिल घेऊन एकेका जुन्या घराचें मोजमाप घ्यावें, दारें, खिडक्या, कमानी, जिने यांच्या आकृत्या काढाव्या आणि त्या विभागांत जमा कराव्या, असा परिपाठ होता. परीक्षेसाठीं करावयाचा तो अभ्यास. एखाद्या विद्यार्थ्यानें कंटाळूनहि केला असेल! मी स्वतः शाळेंत शिक्षक असतांना मुलांकडून गांवच्या जुन्या देवळाचें मोजमाप घेववीत असें, आणि याचा उपयोग काय असें मुलें विचारीत. मजपाशीं त्या वेळीं चांगलें उत्तर नव्हतें.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन सैन्य पोलंडमध्यें घुसलें. थोड्याच दिवसांत राजधानीस वेढा पडला. सरकार शहर सोडून गेलें, पण शहराचे अध्यक्ष स्टेफान स्टार्झिन्स्की हे हलले नाहींत. ते रोज रेडिओवरून नागरिकांशीं बोलत. खंदक कोठें खणावयाचे, आग कशी विझवावयाची, दुकानें कां उघडीं ठेवावयाचीं, हें सर्व ते आपल्या घोगऱ्या झालेल्या आवाजांत सांगत. रेडिओचा असा उपयोग त्यापूर्वीं क्वचितच कोणी केला असेल. २३ सप्टेंबर रोजीं विजेचें केंद्र निकामी झालें आणि तो आवाज बंद पडला. पुढें जर्मनांनीं त्यांना पकडून नेलें आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ठार केलें. हें मात्र फार उशिरां, २०१४ सालीं, चौकशीअंतीं निश्चित झालें.

राजवाड्यावर तोफांचा मुख्य मारा झाला तो १७ सप्टेंबर रोजीं. छप्पर पेटलें, दिवाणखान्यांचीं चित्रित छतें कोसळलीं. मनोऱ्यावरील घड्याळाचे कांटे सव्वाअकरावर थांबले. वस्तु वांचविण्याच्या धडपडींत राजवाड्याचे संग्रहपाल काझिमिर ब्रोक्ल हे त्याच दिवशीं मारले गेले. आठ दिवसांनीं, २५ सप्टेंबरला, विमानांनीं दिवसभर शहर भाजून काढलें. सुमारें ५६० टन स्फोटक बाँब आणि ७२ टन आग लावणारे बाँब एका दिवसांत पडले. आग लावणारे बाँब मालवाहू विमानांतून शिपायांनीं फावड्यांनीं खालीं लोटले, यावरून त्या कामाची रीत कशी होती तें कळून येईल. २८ सप्टेंबर रोजीं शहरानें शरणागति पत्करली. त्या वेढ्यांत झालेल्या जखमांनीं प्राध्यापक सोस्नोव्स्कीहि निवर्तले.

राजवाडा जळाला होता, पण पडला नव्हता. भिंती शाबूत होत्या. दुरुस्ती सहज करतां आली असती. जर्मन अधिकाऱ्यांनीं ती करूं दिली नाहीं. त्यांनीं उलट आंतील मौल्यवान वस्तु काढून नेल्या आणि नंतर भिंतींतून हजारों भोंकें पाडून ठेविलीं, सुरुंगाची दारू भरण्यासाठीं. त्या वेळीं राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाचे संचालक स्तानिस्लाव लोरेन्त्झ आणि तंत्रविद्यालयांतील वास्तुशास्त्राचे प्राध्यापक यान झाखवातोविच यांनीं कांहीं माणसें बरोबर घेऊन जें काम केलें तें अपूर्व आहे. जर्मनांच्या डोळ्यांदेखत, कधीं परवानगीनें, कधीं तिच्या आड लपून, त्यांनीं राजवाड्यांतून कोरीव दारें, चौकटी, शेकोट्यांचे संगमरवर, लांकडी जमिनींचे तुकडे, नक्षीचे नमुने असें जें सुटें करतां येईल तें काढून संग्रहालयाच्या तळघरांत नेऊन ठेविलें. घर पडणार हें माहीत असतां, तें पुन्हां बांधतांना काय लागेल याचा विचार करून त्यांनीं हीं निवड केली. याला काय म्हणावें? मी तर याला धैर्यच म्हणेन, जरी यांत बंदूक कोणाच्या हातीं नव्हती.

जर्मनांच्या मनांत वॉर्सा हें मोठें शहर राहूंच द्यावयाचें नव्हतें. १९४० पासून त्यांच्या नगररचनाकारांनीं असे आराखडे तयार केले कीं, १३ लाख वस्तीच्या या राजधानीच्या जागीं एक लाख, सव्वा लाख जर्मनांचें टुमदार प्रांतिक गांव वसवावें. त्याआधीं ज्यूंचा निकाल लागला. जुन्या पेठेच्या पश्चिमेस भिंत घालून तींत चार लाखांहून अधिक ज्यू कोंडण्यांत आले. १९४२ च्या उन्हाळ्यांत त्यांतील अडीच लाखांहून अधिक माणसें ट्रेब्लिंका येथें नेऊन मारलीं. उरलेल्यांनीं १९ एप्रिल १९४३ रोजीं शस्त्र उचललें. सुमारें चार आठवडे ते लढले. १६ मे रोजीं जर्मनांनीं तेथील मोठें प्रार्थनामंदिर सुरुंगानें उडविलें आणि मग तो सबंध भाग सपाट केला. या भागाचा विषय पुढें पुन्हां येईल.

१ ऑगस्ट १९४४ रोजीं पोलंडच्या गुप्त सैन्यानें शहरभर उठाव केला. सोव्हिएट सैन्य नदीच्या पलीकडे जवळ येऊन ठेपलें होतें. तें लवकरच येईल आणि तोंपर्यंत राजधानी आपण आपल्या हातांनीं मोकळी केलेली असावी, असा हिशेब होता. सोव्हिएट सैन्य पुढें सरकलें नाहीं. उठाव ६३ दिवस चालला. जुनी पेठ ऑगस्टच्या मध्यापासून वेढली गेली, आणि तिच्या चिंचोळ्या गल्लींत लढवय्ये आणि हजारों निराश्रित कुटुंबें एकत्र कोंडलीं गेलीं.

त्या पंधरा-वीस दिवसांचें वर्णन ऐकावयास कठीण आहे. शहराच्या कडेच्याच विमानतळावरून बाँबफेकीं विमानें उडत, कांहीं मिनिटांत पेठेवर येत, बाँब टाकून परत जात आणि पुन्हां भरून येत. दिवसांतून अनेक वेळां. त्यांना अडविणारें कोणी नव्हतें. साठ सेंटिमीटर व्यासाच्या तोफेचे पावणेदोन-दोन टन वजनाचे गोळे घरांच्या छपरांतून तळघरापर्यंत जात, आणि लोक तर तळघरांतच राहात होते. १३ ऑगस्टला एक चमत्कारिक प्रसंग घडला. जर्मनांनीं सोडून दिलेली एक लहान रणगाड्यासारखी गाडी बंडखोरांच्या हातीं लागली. मोठ्या आनंदानें ती पेठेंत आणली. मुलें, स्त्रिया, तरुण तिच्याभोंवतीं जमले. ती गाडी वस्तुतः दारूनें भरलेली होती. स्फोटांत तीनशेंहून अधिक माणसें ठार झालीं. संत योहानाच्या कॅथीड्रलमध्यें तर खांबाखांबाआड लढाई झाली. ३१ ऑगस्टला शेजारच्या नव्या पेठेंतील जोगिणींच्या चर्चवर बाँब पडून आश्रयास आलेले सुमारें एक हजार लोक गाडले गेले.

अखेर १ सप्टेंबरच्या रात्रीं लढवय्यांनीं पेठ सोडली. वर वाट नव्हती, म्हणून ते खालून गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिंडले या इंग्रज अभियंत्यानें वॉर्साचीं सांडपाण्याचीं भुयारें बांधलीं होतीं. त्यांतून, कोठें गुडघाभर तर कोठें कंबरभर घाणींतून, एकमेकांस धरून, डोक्यावर जर्मन पहारे असतां, सुमारें पावणेदोन किलोमीटर अंतर काटून पांच हजारांहून अधिक माणसें शहराच्या मध्यभागांत निघालीं. ज्यांना चालतां येत नव्हतें ते जखमी मागें तळघरांतल्या रुग्णालयांत राहिले. दुसऱ्या दिवशीं जर्मनांनीं त्यांतील शेंकडोंना मारलें. त्याच रात्रीं सिगिस्मंड राजाचा स्तंभ गोळा लागून कोसळला. पुतळा खालीं पडला, त्याचे हात मोडले, पण तो बराचसा शाबूत राहिला.

२ ऑक्टोबर रोजीं उठावानें शरणागति पत्करली. दीड ते दोन लाख नागरिक मेले होते. जे उरले त्यांना शहराबाहेर काढण्यांत आलें. आणि मग, जेव्हां शहरांत लढावयास कोणी नव्हतें तेव्हां, वॉर्सा पाडण्याचें खरें काम सुरू झालें. जर्मनांनीं खास पथकें नेमलीं. ज्वाळाफेकीं यंत्रांनीं रस्त्यांतील घरें पेटवावयाचीं, नंतर महत्त्वाच्या इमारतींस सुरुंग लावावयाचे. राजवाड्याच्या भिंतींतील भोंकांत पांच वर्षांपूर्वीं न भरलेली दारू सप्टेंबरांतच भरून तो उडविला होता. फक्त राजग्रंथालयाची इमारत आणि भिंतींचे कांहीं तुकडे उरले. ऑक्टोबरांत क्रासिन्स्की ग्रंथालय पेटविलें. शहरांतील निरनिराळ्या ग्रंथालयांतील जुनीं हस्तलिखितें सुरक्षिततेसाठीं म्हणून तेथें एकत्र आणून ठेविलीं होतीं, तीं सर्व एकदम जळलीं. घरें पुन्हां बांधतां येतात. त्या हस्तलिखितांचें मात्र कोणालाच कांहीं करतां आलें नाहीं.

याच शेवटच्या महिन्यांत लोरेन्त्झ यांच्या खटपटीनें कांहीं पोलिश विद्वानांना व ग्रंथपालांना जळत्या शहरांत जाऊन ग्रंथ व कलावस्तु बाहेर काढण्याची परवानगी मिळाली. प्रुश्कूफ या उपनगरांतून ते रोज येत. अशा एका खेपेंत झाखवातोविच यांनीं तंत्रविद्यालयांतील विद्यार्थ्यांचीं तीं मोजमापें बाहेर काढलीं आणि पियोत्रकूफ गांवच्या ख्रिस्ती मठांत नेऊन लपविलीं. जर्मन पथकें वर घरें पाडीत होतीं, आणि त्याच घरांच्या आकृत्या गाड्यांतून शहराबाहेर जात होत्या.

१७ जानेवारी १९४५ रोजीं सोव्हिएट व पोलिश सैन्य शहरांत शिरलें. डाव्या तीरावर इमारतींपैकीं सुमारें ८५ टक्के नष्ट झालेल्या होत्या. जुन्या पेठेंत तर त्याहूनहि अधिक. ढिगाऱ्यांचें माप दोन कोटि घनमीटरच्या घरांत होतें. राजधानी लोड्झ शहरीं न्यावी आणि वॉर्साचे अवशेष युद्धाचें स्मारक म्हणून तसेच ठेवावे, असाहि एक विचार त्या वेळीं मांडला गेला. पण विचार करणारे विचार करीत असतांच लोक परत येऊं लागले. सुरुंग अजून जमिनींत होते, पाणी नव्हतें, वीज नव्हती. तरी बर्फांतून हातगाड्या ओढीत ते आले आणि पडक्या जिन्यांखालीं चुली पेटवून राहूं लागले. वर्ष संपण्यापूर्वीं त्यांची संख्या कांहीं लाखांवर गेली होती. राजधानी कोठें असावी याचा निर्णय माझ्या मतें त्यांनींच केला.

१४ फेब्रुवारी १९४५ रोजीं राजधानीच्या पुनर्रचनेचें कार्यालय स्थापन झालें, आणि त्यांतील प्राचीन वास्तूंचा विभाग झाखवातोविच यांजकडे आला. तेथें एक मोठा वाद उभा राहिला. तो केवळ पोलंडपुरता नाहीं, म्हणून थोडा विस्तारानें सांगतों.

जुन्या वास्तूंच्या जतनाचें जें शास्त्र युरोपांत एकोणिसाव्या शतकापासून तयार झालें, त्याचा मुख्य सिद्धांत असा कीं, उरलें आहे तें सांभाळावें. नाहींसें झालें आहे तें बनवूं नये. पडलेल्या देवळाच्या जागीं तसेंच नवें देऊळ बांधून तें जुनें म्हणणें हा इतिहासाशीं खोटेपणा होय. झाखवातोविच यांना हा सिद्धांत पूर्ण ठाऊक होता आणि मान्यहि होता. तरी त्यांनीं १९४६ सालीं आपली भूमिका मांडली ती अशी: आपल्या संस्कृतीचीं स्मारकें आपल्यापासून हिसकावून घेतलीं गेलीं, हें आम्ही मान्य करूं शकत नाहीं, पुढच्या पिढ्यांना त्यांचें मूळ रूप देतां येणार नसलें, तरी जें रूप अजून आमच्या आठवणींत आणि कागदपत्रांत जिवंत आहे तें तरी आम्ही दिलें पाहिजे. हें शास्त्राला धरून नाहीं, याची कबुली त्यांनीं स्वतः दिली.

मला या वादांत त्यांची बाजू पटते, पण तिचें कारण थोडें निराळें आहे. काळानें, भूकंपानें, दुर्लक्षानें जी वास्तु पडते, ती पडण्यांत कोणाचा हेतु नसतो. येथें हेतु होता. एका राष्ट्राला भूतकाळ उरूं नये म्हणून तो भूतकाळ दारू लावून उडविला गेला. अशा वेळीं अवशेष जपून ठेवणें म्हणजे उडविणाराचें काम पुरें झालें असें मान्य करणें होय. अर्थात् ही पळवाट एकदां उघडली कीं तींतून कोणीहि शिरूं शकतो, हा धोकाहि खरा आहे, आणि शास्त्रज्ञांची भीति अनाठायीं नव्हती.

प्रत्यक्ष बांधकाम कसें झालें? प्रथम ढिगारे चाळण्यांत आले. कोरीव दगड, चौकटींचे तुकडे, लोखंडी जाळ्या वेगळ्या काढून त्या त्या घराच्या नांवें ठेवण्यांत आल्या. तळघरें साफ करतांना अनेक ठिकाणीं मध्ययुगीन विटांच्या भिंती व कमानी उघड्या पडल्या. ज्या गोष्टी पूर्वीं गिलाव्याखालीं झांकलेल्या होत्या, त्या बाँबनें दाखविल्या. मग पियोत्रकूफच्या मठांतून आलेलीं मोजमापें पुढें ठेवून भिंती उचलल्या. मोजमापें जेथें नव्हतीं तेथें जुनीं छायाचित्रें आणि चित्रें कामास आलीं. त्यांत बर्नार्डो बेलोत्तो या इटालियन चित्रकाराचीं चित्रें विशेष प्रसिद्ध आहेत. अठराव्या शतकांत तो पोलंडच्या शेवटच्या राजाचा दरबारी चित्रकार होता, आणि त्यानें वॉर्साचीं वीसांहून अधिक दृश्यें अत्यंत बारकाव्यानें रंगविलेलीं आहेत. जर्मनांनीं तीं लुटून नेलीं होतीं; युद्धानंतर परत मिळालीं. सबंध जुनी पेठ त्याच्या चित्रांवरून बांधली, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. तें बरोबर नाहीं. त्यानें बाजारचौक रंगविलेलाच नाहीं. त्याच्या चित्रांचा उपयोग झाला तो मुख्यतः राजवाड्याबाहेरील मोठ्या रस्त्यांवरचे वाडे व चर्चें बांधतांना. आणि तेथेंहि तो चित्रकार असल्यामुळें कांहीं इमारतींस त्यानें मनाप्रमाणें अधिक देखणें केलें होतें, तें देखणेपण नव्या बांधकामांत उतरलें.

पैसा लोकवर्गणींतून आणि सरकारी तिजोरींतून आला. विद्यार्थी, कामगार, शिपाई सुटीच्या दिवशीं येऊन विटा हातोहात देत व ढिगारे उपसत. पेठेच्या खालून नदीकडे जाणारा बोगदा व मोठा रस्ता २२ जुलै १९४९ रोजीं खुला झाला. त्याच दिवशीं सिगिस्मंड राजाचा दुरुस्त केलेला पुतळा नव्या खांबावर चढला. बरोबर चार वर्षांनीं, २२ जुलै १९५३ रोजीं, बाजारचौक लोकांस मोकळा झाला. २२ जुलै हा त्या वेळच्या कम्युनिस्ट राजवटीचा राष्ट्रीय दिन होता. चौकाचें श्रेय कोणी घ्यावयाचें, हें त्या तारखेवरूनच ओळखावें.

जें बांधलें तें अगदीं पूर्वीं होतें तसें बांधलें, असा समज मात्र करून घेऊं नये. दर्शनी भाग जुने, पण आंत नवे जिने, स्नानगृहें व लहान सोयीस्कर बिऱ्हाडें केलीं. मागच्या चौकांतील ती गुदमरविणारी दाटी पुन्हां उभी केली नाहीं. तेथें उजेड व झाडें आलीं. एकोणिसाव्या शतकांतील भाग वास्तुकारांस आवडत नसे, म्हणून तो बहुधा गाळला. संत योहानाचें कॅथीड्रल याचें ठळक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकांत त्याला इंग्रजी धर्तीचें नक्षीदार तोंड बसविलेलें होतें, आणि मरतेवेळीं त्याचें तोंड तेंच होतें. झाखवातोविच यांनीं तें न बांधतां मध्ययुगांतील साध्या विटांचें तोंड कल्पून बांधलें. हा त्यांचा तर्क सुंदर आहे. पण तो तर्क आहे. इतिहासाच्या शिक्षकास येथें थोडें अडखळल्यासारखें होतें.

आणि किंमत? ती केवळ पैशांत मोजतां येणार नाहीं. एवढ्या विटा आल्या कोठून, असें विचारलें पाहिजे. पुष्कळशा वॉर्साच्याच ढिगाऱ्यांतून आल्या. परंतु फार मोठा पुरवठा पश्चिमेकडील ज्या जर्मन प्रदेशांचा युद्धानंतर पोलंडमध्यें समावेश झाला तेथून झाला. व्रोत्स्लाव्हसारख्या जुन्या शहरांतील पडकीं, आणि दुरुस्त होऊं शकलीं असतीं अशींहि, घरें उतरवून त्यांच्या विटा आगगाडीनें वॉर्सास नेल्या. पेठेच्या उत्तर टोकाचा बुरूज बांधतांना न्यासा व व्रोत्स्लाव्ह येथील जुन्या विटा मुद्दाम निवडल्या, कारण त्या जुन्या दिसत. एका शहराचें म्हातारपण दुसऱ्यास लाविलें, असें म्हटल्यास चालेल.

शहराची सर्व जमीन २६ ऑक्टोबर १९४५ च्या हुकुमान्वयें नगरपालिकेच्या मालकीची झाली होती. त्यामुळेंच एवढें मोठें काम एका हातानें होऊं शकलें. आणि त्यामुळेंच जुने घरमालक व त्यांचे वारस यांचे दावे पुढें कित्येक दशकें कोर्टांत चालत राहिले.

पश्चिमेच्या बाजूस, जेथें ज्यूंची वस्ती होती, तेथें कोणतेंहि जुनें घर उभें करण्यांत आलें नाहीं. तेथील ढिगारे इतके प्रचंड होते कीं ते उपसणें अशक्य वाटलें. वास्तुकार बोहदान लाखेर्ट यांनीं त्या ढिगाऱ्यांवरच नवी वस्ती बांधली आणि ढिगाऱ्यांचाच चुरा करून त्याच्या विटा पाडल्या. म्हणून मुरानूफ नांवाच्या त्या वस्तींत आजहि कित्येक घरें रस्त्यापेक्षां उंच टेंकाडांवर उभीं आहेत आणि त्यांच्या दारांशीं जावयास पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांखालीं काय आहे हें सांगण्याची गरज नाहीं. जुन्या पेठेंतील घराघराच्या आकृत्या वांचविणारे लोक होते. या बाजूच्या घरांविषयीं विचारणारेच फारसे उरले नव्हते.

पोलंडमधील आणखी एका समूहाचीं घरेंहि कोणी पुन्हां बांधूं शकलें नाहीं, आणि त्यांचा संबंध आपल्या महाराष्ट्राशीं आहे. पूर्व पोलंडमधून सोव्हिएट सत्तेनें १९४० व १९४१ सालीं लाखों लोक सैबेरियाकडे व मध्य आशियाकडे हद्दपार केले. त्यांतून सुटलेलीं सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक स्त्रिया व मुलें, १९४३ पासून कोल्हापुराजवळ वळिवडे येथें छावणींत राहिलीं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतें, नाटकें होत. इकडे वॉर्सा जळत होतें तेव्हां तेथील बातम्या वळिवड्याच्या बराकींत ऐकल्या जात असतीलच. युद्ध संपलें, पण त्यांचीं गांवें सोव्हिएट युनियनमध्यें गेलीं होतीं. परत जावयास घर उरलें नव्हतें. १९४८ पर्यंत ते इंग्लंड वगैरे देशांत पांगले. रिकाम्या झालेल्या त्या बराकींत मग फाळणीनें देशोधडीस लागलेले सिंधी लोक येऊन राहिले. तेंच आजचें गांधीनगर. वॉर्सांत आज वळिवडे छावणीच्या स्मरणार्थ एक स्मारक आहे.

राजवाडा मात्र बराच काळ पडकाच राहिला. राजांचा वाडा बांधण्याची उत्सुकता कम्युनिस्ट राजवटीस नसावी. ठराव झाले, काम झालें नाहीं. अखेर १९७१ च्या जानेवारींत निर्णय झाला आणि देशांतून व परदेशांतील पोलिश लोकांकडून वर्गणी येऊं लागली. लोरेन्त्झ व झाखवातोविच दोघेहि हयात होते. १९३९ सालीं त्यांनीं काढून ठेविलेले दारांचे व शेकोट्यांचे तुकडे संग्रहालयांतून परत आले आणि नव्या भिंतींत आपापल्या जुन्या जागीं बसविले गेले. १९ जुलै १९७४ रोजीं सकाळीं सव्वाअकरा वाजतां मनोऱ्यावरील घड्याळ पुन्हां चालूं झालें. आंतील दालनें पूर्ण होऊन राजवाडा १९८४ सालीं लोकांस खुला झाला, आणि बेलोत्तोचीं चित्रेंहि आपल्या दालनांत परत लागलीं. झाखवातोविच १९८३ सालीं निवर्तले होते. एक वर्षानें त्यांचें तें पाहावयाचें राहिलें.

युनेस्कोनें १९८० सालीं या पेठेस जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. प्रथम तेथील तज्ज्ञांनीं बरीच कांकूं केली, कारण जी वास्तु मूळची नव्हे ती वारसा कशी, हा तोच जुना प्रश्न होता. शेवटीं यादींत तिची नोंद झाली ती मध्ययुगीन पेठ म्हणून नव्हे, तर जवळजवळ संपूर्ण पुनर्रचनेचें एक असामान्य उदाहरण म्हणून. हें वर्णन मला अगदीं प्रामाणिक वाटतें. पुनर्रचना कार्यालयाचें दप्तरहि २०११ सालीं युनेस्कोच्या जगाच्या स्मृति या नोंदणींत समाविष्ट झालें.

सिगिस्मंड राजाच्या स्तंभाचे जुने मोडके खांब फेंकून दिलेले नाहींत. नवा स्तंभ चौकांत उभा आहे, आणि ते राजवाड्याच्या भिंतीलगत उघड्यावर आडवे ठेवलेले आहेत.